एका सुराला दोन माणसं

मँचेस्टरमधल्या एका जुन्या संगीत मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला ओबो आणि क्लॅरिनेट यांतला फरकसुद्धा धड कळत नव्हता. मी पॅथॉलॉजिस्ट. सगळी नोकरी मायक्रोस्कोपला डोळा लावून रिपोर्ट लिहिण्यात गेली. निवृत्त होऊन घरी बसले होते, एवढाच माझा गुन्हा. मंडळाच्या सेक्रेटरीबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, तुमच्या पत्नींना रिपोर्ट लिहायची सवय आहे, त्या लिहितील का? आणि या गृहस्थाने मला न विचारता हो म्हणून टाकलं.

मंडळ एकोणिसाव्या शतकातलं, आणि फक्त फुंकून वाजवायच्या वाद्यांचं. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून नावाचं एक लांबलचक वाद्य, अशी पाच. व्हायोलिनवाल्याला तिथे थारा नाही, पियानोवाला आलाच तर पाहुणा म्हणून. दर महिन्याला एका चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये जमायचं, वाजवायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. आता मंडळाचा मोठा वाढदिवस आला होता, म्हणून खास कार्यक्रम, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत एक पानभर इतिहास हवा होता. वाढदिवस नेमका कितवा, यावरही सभासदांचं एकमत नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नवरा या मंडळात कसा घुसला, ते सांगायला हवं. आम्ही पुण्यात मेडिकलला एकाच वर्गात होतो, लग्न झाल्यावर इकडच्या हॉस्पिटलांत आलो आणि राहिलो. तो छातीचा डॉक्टर. पेशंटच्या तोंडात नळी द्यायची आणि "जोरात फुंका, अजून, अजून, थांबू नका" म्हणून ओरडायचं, यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःसाठी एक क्लॅरिनेट आणलं. मला क्लॅरिनेट म्हटलं की वरातीच्या बँडमधला, घामाने डबडबलेला माणूसच आठवतो. तसं मी बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "अगदी बरोबर. साताऱ्यात मी त्याच्याच मागे धावायचो. मार खायचो आणि परत धावायचो." मग अडगळीच्या छोट्या बॉक्सरूमचं दार लावून तो शिकायला लागला. पहिले काही महिने शेजारी फारच समंजसपणे वागले.

मंडळात त्याला घेतलं त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेले आणि गेल्या गेल्या घोळ घातला. घरी गाणं-बजावणं असलं की आपल्याकडे आलेल्या माणसाच्या हातात आधी काहीतरी खायला देतात. म्हणून मी मोठा डबा भरून पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता आणि वाजवायला बसायच्या आधीच सगळ्यांपुढे फिरवला. नको कोणीच म्हणालं नाही. इंग्रज माणूस तुमच्या तोंडावर नको म्हणत नाही. त्यांनी मुठी भरभरून खाल्ला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग वाजवायला घेतलं. पहिल्या पाच मिनिटांत ओबोच्या फुंकायच्या पत्तीत पोहा अडकला आणि बसूनवाला खोकत बाहेर गेला. फुंकणाऱ्याने आधी काही खायचं नसतं, खाणं सगळं नंतर. ट्राममध्ये नवरा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. आमच्या उपनगराच्या, सेलच्या, स्टॉपला उतरल्यावर मात्र रस्त्यातच पोट धरून हसला.

पण त्या दिवशी मला चिवड्यापेक्षाही विचित्र वाटली ती दुसरीच गोष्ट. वाद्यं पाच, ऐकू येणारे सूर पाच, आणि वाजवणारी माणसं मात्र दहा. प्रत्येक वाद्याला दोघं, एकाच स्टँडपुढे खांद्याला खांदा लावून. दोघांच्याही ओठांना वाद्य, दोघांचीही बोटं चालू. फुंकतो मात्र एकच. पहिल्याचा दम सरला की दुसरा उचलतो, तोही असा की बाहेर सांधा कळत नाही. आणि वर नियम असा, की कोणी किती वाजवलं हे जोडीबाहेर कधी सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. टाळ्या दोघांच्या, चूकही दोघांची.

"असं का?" मी नवऱ्याला विचारलं.

"पद्धत आहे," तो म्हणाला. "शोध आता तूच, इतिहासकार."

नवऱ्याचा जोडीदार म्हणजे एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक होते. उंच, काटकुळे, विधुर, बोलायचं जिवावर आलेलं. घरी आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, तेच इथे लिहिते. दोघांची मैत्री कशी झाली देव जाणे, कारण त्यांना एकमेकांशी बोलताना मी फारसं कधी पाहिलंच नाही.

इतिहासाचं काम मी रिपोर्टासारखं हाती घेतलं. आधी नमुने गोळा करायचे, मग निदान. जुनी कागदपत्रं मागितली तर कळलं, ती तळघरात होती आणि तळघरात कधीतरी पाणी शिरलं. उरली माणसं. सेक्रेटरीबाई फ्लूटवाल्या, निवृत्त लायब्ररियन, त्यामुळे त्यांच्यावर माझा भरवसा जास्त. त्यांनी सांगितलं, मंडळ काढणारे कापसाच्या गिरण्यांतले कारकून आणि रंगारी होते. धुराने आणि कापसाच्या धुळीने त्यांच्या छात्या खराब झालेल्या, एकट्याला एक ओळ पुरी होईना, म्हणून दोघांनी मिळून एक. ऐकून मी सद्गदित झाले. लिहूनही काढलं.

पुढच्या महिन्यात हॉर्नवाल्या डेंटिस्टने ते सगळं उडवून लावलं. म्हणे, गिरणी कारकुनांकडे असली वाद्यं कुठून येणार? मंडळ जर्मन व्यापाऱ्यांनी काढलं. त्यांत दोन साडू होते, दोघांनाही मुख्य वादकाची पहिली खुर्ची हवी होती, भांडण मिटेना, म्हणून दोन पहिल्या खुर्च्या केल्या. मग बाकीच्यांनीही मागितल्या. बसूनवाल्याचं म्हणणं तिसरंच. कामाच्या वेळांमुळे एक तरी माणूस हजर असावा म्हणून जोड्या. मी चक्रावून गेले. कारण तिघंही अगदी शपथेवर सांगावं तसं सांगत होते, तिघांनाही ते त्यांच्या आधीच्या जोडीदाराने सांगितलेलं होतं, आणि त्या जोडीदाराला त्याच्या आधीच्याने.

शेवटी मी मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही, डॉक्टर. मी आलो तेव्हा अशीच पद्धत होती. शेजारची खुर्ची दाखवली, मी बसलो."

तीन रंगीत गोष्टींपेक्षा मला हेच उत्तर खरं वाटलं, पण त्यात पान भरण्यासारखं काय होतं?

हे चालू असतानाच घरात दुसरा प्रश्न उभा राहिला. नवरा जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचे फोटो बघायला लागला. तीस वर्षं तेच फोटो होते. मग कोरडा खोकला. मग त्याच्याच जुन्या डिपार्टमेंटमध्ये, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरने त्याला स्कॅन दाखवला. फायब्रोसिस. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, वाळलेल्या स्पंजासारखी, आणि परत मऊ होत नाहीत. ज्या आजाराचे पेशंट तो जन्मभर बघत आला आणि ज्याचे तुकडे मी काचेवर बघत आले, तोच. दोघांनाही कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. घरी येऊन आम्ही पिठलं-भात खाल्ला.

मला वाटलं, आता क्लॅरिनेट सुटलं. तसं झालं नाही.

"अगं, मी कुठे फुंकतो?" तो म्हणाला. "सगळं मास्तर वाजवतो. मी आपला बोटं हलवतो शेजारी बसून. तेवढंही करू देणार नाहीस?"

तेवढं करायला माझी काय ना असणार? पण हे खरं आहे का, हे मला कळेना, आणि त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. खोकल्याची उबळ आली की त्याचे ओठ निळे पडायचे. एवढा जोर लावून तो खरंच फुंकत असेल, तर मी ते ताबडतोब बंद पाडणार होते, भांडून, रडून, कसंही. आणि फुंकत नसेल, तर त्याच्याकडून शेवटचा आनंद काढून घेणारी मी कोण? सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं. तो वाजवतो का नुसता बसतो?

मिल्टन कीन्सहून मुलीचा फोन आला की तीही तेच विचारायची. ती इथेच जन्मली, तिथे कंप्युटरच्या कंपनीत आहे, आणि तिचं मराठी तिचं स्वतःचं आहे.

"आई, बाबा खरा सांगतो का? फोनवर तो sentence मध्येच थांबतो. I can hear it. माझा डोकं फिरतं."

"माझंही," मी म्हटलं.

"मग तू बघ ना नीट. You're the doctor."

मी नीट बघायला लागले. महिन्याच्या बैठकीला अगदी पुढच्या रांगेत बसायचे. श्वास अपुरा पडला की माणूस मानेचे स्नायू वापरतो, ते दोरीसारखे वर येतात. डॉक्टरच्या नजरेतून ते सुटत नाही. पण त्यानेही छातीच्या डॉक्टरकीतच केस पांढरे केले होते. पुढच्या बैठकीला हा गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून बसला. हॉलमध्ये हीटर भरभरत होता, सेक्रेटरीबाई पत्रिकेने वारा घेत होत्या, आणि याच्या गळ्यात लोकरीचा मफलर! मला संताप आला आणि हसूही आलं. मग मी डोळे मिटून कान देऊन पाहिलं. माझा कान तो काय. दोन माणसांच्या फुंकरीतला फरक मला कळला असता तर आणखी काय हवं होतं? घरी तो वाजवायचा तेव्हा बॉक्सरूमचं दार बंद असायचं आणि आतून कधी सूर, कधी खोकला, कधी बराच वेळ काहीच नाही.

एकदा चहाच्या वेळी मी मास्तरांना बाजूला घेतलं. सरळ विचारलं, "तुम्ही सगळं वाजवता ना? तो नुसता बसतो ना? मला डॉक्टर म्हणून माहीत असायला हवं. बायको म्हणूनही."

मास्तरांनी कप बशीत ठेवला. त्यांचा चेहरा इतका दुःखी झाला की मला वाटलं, आता सांगतील.

"मला माफ करा," ते म्हणाले. "आम्ही ते सांगत नाही."

"तो आजारी आहे!"

"हो," ते म्हणाले. "मला माहीत आहे. मी शेजारी बसतो."

यातून काय समजायचं? सगळा भार आपल्यावर आहे हे माहीत असलेल्या माणसाचं हे बोलणं, का शेजाऱ्याची छाती दर वेळी ऐकणाऱ्याचं? ट्राममध्ये मी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. नवरा शेजारी खिडकीतून बाहेर बघत होता आणि गुणगुणतही नव्हता, कारण गुणगुणायला दम लागतो. शेवटी मी स्वतःची समजूत घातली. मास्तरच वाजवत असणार. विज्ञान तेच सांगत होतं. त्या फुप्फुसांतून क्लॅरिनेट वाजणं शक्य नव्हतं. रिपोर्ट माझ्या बाजूने होते.

इतिहासाचं पानही असंच कसंबसं झालं. तिन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या आणि शेवटी आमच्या धंद्यातलं वाक्य टाकलं, उपलब्ध नमुन्यावरून निश्चित निदान करता येत नाही. हॉर्नवाला नाराज झाला, बसूनवालाही. सेक्रेटरीबाईंना मात्र ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते जाड टायपात छापलं.

वाढदिवसाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. मुलगी आली होती. आमच्या महाराष्ट्र मंडळातले दोन-चार डॉक्टरही सपत्नीक आले होते, शर्टाची वरची बटणं लावून. शेवटच्या रचनेत मधला भाग संथ होता. त्यात एका ठिकाणी बाकीची चार वाद्यं हळू होतात आणि क्लॅरिनेट एकटं वर चढतं. एक लांबच लांब ओळ. आता संपेल वाटतं आणि ती संपत नाही, आणखी वर जाते आणि मग इतक्या अलगद खाली येते की कुठे थांबली ते कळत नाही. माझ्यासारख्या अडाणी बाईच्याही अंगावर काटा आला. मी मनात म्हटलं, वा मास्तर! काय छाती आहे या वयात! आणि मला फार हलकं वाटलं. म्हणजे नवरा खरंच नुसता बसतो. म्हणजे त्याने मला खरं सांगितलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी डोळे पुसत होते, ते सुटकेने.

घरी जाताना मुलीने गाडी चालवली. तो मागे बसला होता, मान टेकवून, डोळे मिटून. मी म्हटलं, "मास्तरांनी कमाल केली हं आज." त्याने डोळे न उघडता मान हलवली. बोलायला त्याला घरी पोचून चहा होईपर्यंत जमलं नाही. मी म्हटलं, दगदग झाली.

त्यानंतर तो हॉलवर गेला नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं, आणि ज्या वॉर्डात तो राउंड घ्यायचा तिथेच गेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

थंडी सरता सरता सेक्रेटरीबाईंचा फोन आला. मंडळ त्याच्यासाठी एक संध्याकाळ ठेवत होतं. भाषणं नाहीत, फक्त वादन. मला जायचं नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, आपण गेला पाहिजे," म्हणून गेलो.

तीच रचना त्यांनी घेतली होती. चार वाद्यांना दोघं दोघं, आणि क्लॅरिनेटला एकटे मास्तर. सुरुवात बरी झाली. मग दहा-बारा सूर वाजवून मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि मांडीवर आडवं ठेवलं. बाकीची चार वाद्यं चालूच राहिली. मला वाटलं, म्हातारा चुकला. थोड्या वेळाने त्यांनी परत उचललं, चार सूर वाजवले, परत खाली. मध्ये नुसती भोकं. मला त्यांची दया आली आणि नंतर रागही आला. एवढे दिवस वाजवताय ना सगळं? मग आजच काय झालं? आज तरी नीट वाजवा त्याच्यासाठी! मी आजूबाजूला पाहिलं. कोणीही चुळबुळ करत नव्हतं. सेक्रेटरीबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या फ्लूट वाजवत होत्या. काही चुकल्याचं कोणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

संथ भाग आला. मास्तरांनी एक सूरही वाजवला नाही. हात क्लॅरिनेटवर ठेवून ते ताठ बसून होते. ती लांब ओळ जिथे सुरू होते तिथे बाकीची चार वाद्यं हळू झाली, आणि हॉलमध्ये काहीच ऐकू येईना. ती चार वाद्यं तशीच थांबत थांबत, कोणीतरी वर चढतंय आणि खाली येतंय अशी वाट देत वाजत राहिली. ती ओळ किती लांब होती ते मला तेव्हा समजलं.

मुलीने माझा दंड घट्ट धरला. "आई," ती कुजबुजली, "तो का नाही वाजवत?"

मला उत्तर माहीत होतं. मास्तर त्यांच्या वाट्याचं सगळं वाजवत होते. अगदी तेवढंच, जेवढं त्यांच्या वाट्याला होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "ती लांब ओळसुद्धा?" मी विचारलं.

ते उठून उभे राहिले. "ते मला सांगता येणार नाही, डॉक्टर," ते म्हणाले.

मुलगी माझ्या मागेच होती. गाडीपाशी आल्यावर तिने किल्ली हातातच ठेवली. "म्हणजे त्या दिवशी ते सगळं बाबाच होता? त्या lungs नी? आणि आपल्याला सांगितला की मी काहीच करत नाही?"

"हो," मी म्हटलं, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मला त्याचा भयंकर राग आला. समोर असता तर मी कडाकडा भांडले असते त्याच्याशी. "त्याला माहीत होतं," मी तिला म्हटलं, "मी थांबवलं असतं."